साडेचार ग्रॅमचा चमचा

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शबाना शेख आपल्या औषधांच्या दुकानात मागच्या फळीवर बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे लावत होती. डब्यांची तोंडे भिंतीकडे होती, पाठ गिऱ्हाइकाकडे. आर्णीच्या बसस्थानकासमोरच्या या दुकानाचे नाव राहत मेडिकल. तिथे डबे गेली चौदा वर्षे असेच ठेवले जातात. शबानाचे म्हणणे असे की या मालाची जाहिरात करायची नाही, त्यावर सूट द्यायची नाही, भेटवस्तू द्यायची नाही, असा कायदा आहे. डबा तोंड फिरवून बसला की जाहिरातीचा प्रश्न मिटला. ज्याला हवा तो मागून घेईल.

१९९२च्या त्या कायद्याची झेरॉक्स तिने काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. एकदा एका कंपनीचा माणूस भिंतीवरचे घड्याळ घेऊन आला. त्यावर कंपनीचे नाव होते. शबानाने ते सेलसकट परत केले.

गिऱ्हाइकांशी होणारा संवाद ठरलेला असतो. त्या सकाळीही झाला.

"भाभी, पाच टक्के तं कमी करा."

"औषधावर करते. यावर नाही."

"काहून?"

"सरकारनं मना केलं."

"आमच्या लेकरायचं सरकारले काय करायचं हाय?"

"तेच तर करून राह्यलं सरकार," शबाना म्हणाली आणि छापील किंमत घेतली.

ती अडतीस वर्षांची आहे. माहेर दिग्रसचे. वडील तिथे एका जिनिंगमध्ये फिटर होते आणि मशीनचा पट्टा किती सैल आहे हे हात लावून सांगत. मुलीला त्यांनी यवतमाळला डी. फार्मसी करायला पाठवले. लग्न होऊन ती आर्णीला आली. नवरा जीशान मोटारसायकली दुरुस्त करतो. त्याचे गॅरेज रस्त्याच्या पलीकडे आहे. दुकान मात्र तिचे. औषधांचा परवाना आणि अन्न विक्रीचा परवाना असे दोन्ही कागद चौकटीत लावलेले आहेत. पावडर औषधात मोडत नाही, अन्नात मोडते, हे ती दर महिन्याला कोणाला तरी समजावते.

गल्ल्याजवळ मधाची एक रिकामी बरणी असायची. त्यात प्लास्टिकचे छोटे चमचे. त्या बरणीची गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

राहत मेडिकलमध्ये दोन कंपन्यांची पावडर जास्त खपते. कंपनीचे नाव कोणी घेत नाही. एक निळा डबा आणि एक हिरवा डबा, एवढ्यावर काम भागते. हिरवा माल फक्त पत्र्याच्या डब्यात येतो आणि प्रत्येक डब्यात मापाचा चमचा असतो. चार-पाच डबे झाले की घरात चार-पाच चमचे साचतात. निळ्याचे तसे नाही. पहिला डबा एकदा घ्यायचा, मग पुठ्ठ्याच्या खोक्यातले स्वस्त पाकीट आणून त्यात ओतायचे. पाकिटात चमचा नसतो. त्यामुळे निळ्या डब्यावाल्यांकडे चमचा एकच, आणि तो हरवतो. पलंगाखाली जातो, उकिरड्यावर जातो, मोठे पोर तो घेऊन मातीत खेळते.

हिरव्या डब्याच्या बायका जास्तीचे चमचे दुकानात आणून देऊ लागल्या. फेकवत नव्हते म्हणून. निळ्या डब्याच्या बायका चमचा हरवला म्हणून येऊ लागल्या. शबानाने मध्ये बरणी ठेवली. चमच्याचे काही घेत नव्हती. चमचा म्हणजे चमचा, असा तिचा हिशेब होता. दोन वर्षांत अकरा चमचे गेले.

साडेनऊच्या सुमारास दीपमाला खोब्रागडे आली. दिग्रस रस्त्यावरच्या एका तांड्याची आणि त्याला लागून असलेल्या गावाची ती आशा कार्यकर्ती. तिने स्कूटी स्टँडला लावली, आत आली आणि स्टुलावर बसली.

"भाभी, पाणी पाज पहिले. मंग ओआरएस दे."

शबानाने पाणी दिले.

"त्या तांड्यावरच्या धनीबाईनं डोकं उठवलं मायं. तिच्या सुनेले, त्या पायलले, जुळे हायेत ना? काल वजन केलं. पोरगा पाच किलो शंभर. पोरगी तीन किलो सहाशे वीस. पाच हप्त्यात एकशे वीस ग्रॅम वाढली. एकशे वीस! तेवढी तं काकडी वाढते एका रात्रीत."

"आजारी होती का?"

"कायची आजारी? ताप नाई, जुलाब नाई. म्हातारी पाणी पाजून राह्यली तिले. पोरगा आईच्या अंगावर, पोरगी डब्यावर. आन् डब्यातबी हात आखडता. पोरगी हाय ना. काल बैठकीत साऱ्या बायायसमोर बोलली मी तिले. सोडलं नाई."

"काय म्हणे ती?"

"म्हणे, मी मोजून टाकते. मोजून टाकते तं वजन कुठं जाते? मी रजिस्टरात लिहून टाकलं, दुधात पाणी जास्त."

शबाना ओआरएसची पाकिटे मोजत होती. ती थांबली.

धनीबाई राठोडचा मुलगा फुलसिंग पावडर नेतो हे तिला माहीत होते. निळी, पहिल्या सहा महिन्यांची, चारशे ग्रॅमची. शेवटचे खोके त्याने परवाच नेले होते. त्याआधीचे त्याच्या नऊ-दहा दिवस आधी. त्याच्याही आधीचे तितक्याच अंतराने. मुलगी दिवसाला एकशेवीस मिलीच्या पाच बाटल्या पिते हे फुलसिंगनेच एकदा सांगितले होते. एवढ्या दुधाला दिवसाला नव्वद ग्रॅम पावडर लागते. चारशे ग्रॅम साडेचार दिवसांत संपायला हवे. इथे नऊ दिवस जात होते. शबानाला वाटले होते की बाकीचे आईचे दूध असेल, चांगलेच आहे.

आता तिने पुन्हा आकडा केला. बरोबर दुप्पट दिवस. हात आखडणारा माणूस आज थोडा आखडतो, उद्या जास्त. महिनाभर बरोबर निम्मे टाकायला मोजमाप लागते.

"दीपमाला, धनीबाई माझ्याकडून चमचा घेऊन गेली होती."

"कवा?"

"पाच हप्ते झाले. तिचा चमचा वितळला होता. बाटलीसोबत उकळत्या पाण्यात टाकला म्हणे."

दीपमालाने ग्लास खाली ठेवला. बाळाची प्रत्येक वस्तू उकळून घ्या, हे तिनेच तांड्यावर सांगितले होते.

शबानाने फळीवरून निळ्याचा एक सीलबंद डबा काढला, आपल्या नावावर लिहिला आणि फोडला. आतला चमचा आणि बरणीतला चमचा शेजारी ठेवले. दोन्ही पांढरे. दोन्हीच्या दांड्या सारख्या लांबीच्या. वाटी एकाची उथळ, एकाची खोल. शेजारी ठेवल्याशिवाय लक्षात येणार नाही असा फरक.

तिने दोन्ही चमचे आणि डबा उचलला आणि शेजारच्या सराफाच्या दुकानात गेली. बाबाराव तिथे चाळीस वर्षे बसतात.

"काका, एक वजन करून द्या."

"मोडायचं सोनं हाय का?"

"पावडर आहे."

बाबारावांनी डब्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. काट्यावर बटर पेपर ठेवला आणि काटा शून्यावर आणला. शबानाने लहान चमचा भरला, पट्टीने सपाट केला आणि ओतला.

"चार पॉइंट चार आठ," बाबाराव म्हणाले.

मग डब्यातला चमचा.

"आठ पॉइंट नऊ सहा. बरोबर दुप्पट. कंपनी एक दिसते का?"

"नाही. दोन आहेत."

"मंग योगायोग म्हणा."

योगायोग नव्हता. हिरव्या डब्यावर लिहिलेले असते, तीस मिली पाण्यात एक चमचा. निळ्यावर लिहिलेले असते, साठ मिलीत एक. हिरव्याचा चमचा निळ्यात टाकला की दूध निम्मे होते. असे दूध दिसायला पांढरेच असते. बाटलीत हलवले की फेसही येतो. शंभर मिलीत जिथे सदुसष्ट कॅलरी असायला हव्यात तिथे तेहतीस-चौतीस उरतात. प्रथिने निम्मी, लोह निम्मे, कॅल्शियम निम्मे. बाळाचे पोट पाण्याने भरते आणि ते पुन्हा रडते.

दोन्ही डब्यांवर आणखी एक ओळ असते: सोबत दिलेलाच चमचा वापरावा. ही ओळ शबानाने दुसऱ्यांना वाचून दाखवलेली आहे.

गेल्या वर्षी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने याच दुकानातून निळ्या पावडरीचा नमुना नेला होता. प्रयोगशाळेचा अहवाल आला, सगळे घटक मानकाप्रमाणे. म्हणजे पावडर प्रमाणित होती, पाकीट सीलबंद होते, पाणी उकळलेले होते. चमचा तेवढा शबानाने दिला होता.

दीपमाला काट्याजवळ उभी राहून सगळे पाहत होती. बाहेर आल्यावर हळू आवाजात म्हणाली, "भाभी, ऐक मायं. नवा चमचा देऊन टाकू. म्हणू, जुना खराब झाला. पोरगी महिन्यात भरते. कोणाले काय समजते?"

"आणि काल तू बैठकीत जे बोललीस ते?"

दीपमालाने स्कूटीची किल्ली काढली. शबानाने शटर ओढले.

तांडा आर्णीपासून अकरा किलोमीटर. शेवटचे दोन किलोमीटर कच्चे. धनीबाईचे घर रस्त्याकडून तिसरे, पुढे टिनाचा मांडव. धनीबाई साठीची, सडसडीत. दीपमालाला पाहून तिने तोंड फिरवले. पायल मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी, रोशनी, झोळीत जागी होती आणि रडत नव्हती.

"याडी, दूध बनवून दाखव," दीपमाला म्हणाली. याडी म्हणजे आई. तांड्यावर म्हाताऱ्या बाईला तसेच म्हणतात.

"कायले? काल पोट नाई भरलं का तुह्यं?"

"मी आली आहे ना सोबत, याडी," शबाना म्हणाली. "मला दाखवा."

धनीबाईने हात साबणाने धुतले. कोपरापर्यंत. फुटाण्याएवढा साबण उरला होता तो पुन्हा वाटीत ठेवला. चुलीवर पाणी उकळत होते ते उतरवले, कोमट होऊ दिले. बाटलीतल्या रेघेवर डोळा आणून एकशेवीसपर्यंत पाणी भरले. मग डबा उघडला, चमचा भरला आणि सुरीच्या पाठीने सपाट केला. जास्तीची पावडर डब्यातच पडली. "एक," ती मोठ्याने म्हणाली. दुसरा भरला, सपाट केला. "दोन." साठाला एक, एकशेवीसला दोन, हे तिला शबानानेच दुकानात सांगितले होते. धनीबाईला वाचता येत नाही. तिने ते पाठ केले होते.

शबाना सांगते की चौदा वर्षांत एवढे नीट दूध बनवलेले तिने पाहिले नाही.

"तुमचं मोजणं बरोबर आहे," ती म्हणाली. "चमचा चुकीचा आहे. मी दिलेला." तिने पिशवीतून मोठा चमचा काढून लहानाच्या शेजारी धरला. "हा पाहिजे होता. याच्या निम्मं येते त्याच्यात. पाच हप्ते पोरीला निम्मं दूध गेलं."

धनीबाईने दोन्ही चमचे हातात घेतले. लहान चमचा भरून मोठ्यात ओतला. पुन्हा भरून ओतला. मोठा काठोकाठ भरला.

"पोरगी रडे," ती म्हणाली. "मले वाटे पोट दुखते. म्या गुटी देल्ली."

तिने लहान चमचा जमिनीवर ठेवला.

"म्हणजे म्या पाणी नाई पाजलं."

"नाही."

"हे म्हणे पाजलं." तिने दीपमालाकडे बोट केले. "साऱ्या तांड्यानं आयकलं. फुलसिंगनं रातच्याले मले इचारलं, याडी, खरं सांग. माह्या पोटच्या पोरानं."

दीपमाला मातीकडे पाहत होती.

"पहिले पोरीले दवाखान्यात दाखवू," धनीबाई म्हणाली. "मंग तू इथं येजो. आन् बैठकीत ज्या बाया होत्या त्यायच्यासमोर सांगजो. दुकानात नाई. इथं."

"येते," शबाना म्हणाली.

त्याच दुपारी रोशनीला आर्णीच्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्त तपासले. पाण्यासारखे दूध फार दिवस गेले की रक्तातले मीठ उतरते आणि बाळाला झटकेही येऊ शकतात, असे त्यांनी सांगितले. रोशनीचे थोडे उतरले होते, झटके आलेले नव्हते. दोन दिवस ठेवून घेतले. केसपेपरवर त्यांनी लिहिले, चुकीच्या मापाचा चमचा.

"कोणी दिला?"

"मी, सर."

"फार्मासिस्ट ना तुम्ही?"

"हो."

डॉक्टरांनी केसपेपर बाजूला ठेवला. मग पायलला विचारले, "दूध किती येतं तुला?"

"येते. दोघायले पुरत नाई."

"मग दोघांना थोडं थोडं का नाही? मुलगा अंगावर आणि मुलगी डब्यावर, हे कोणी ठरवलं?"

"पोरगा बाटली तोंडात घेत नाई, चिडते. पोरगी पिते मुकाट्यानं."

"पोरीनं चिडून पाहिलं होतं का कधी?" दीपमालाने विचारले.

पायलने सासूकडे पाहिले. धनीबाई खाटेच्या कडेला बसली होती. "हे म्या ठरवलं," ती म्हणाली. "याचं खोटं नाई बोलत."

डॉक्टरांनी सांगितले ते साधे होते. दर वेळी दोघांनाही आधी अंगावर घ्यायचे, बाजू बदलत. कमी पडेल तेवढेच वरचे द्यायचे, आणि तेही दोघांना. मुलगा दोन दिवस चिडला. तिसऱ्या दिवशी त्याने बाटली घेतली. रोशनीने पहिल्याच दिवशी आईला सोडले नाही. डॉक्टरांनी आणखी एक आकडा लिहून दिला. तीन आठवड्यांत वजन चार किलो तीनशे झाले नाही तर यवतमाळला भरती करावे लागेल. सध्या पायलचा कापूस वेचणीचा हंगाम बुडतोच आहे. यवतमाळला गेल्यावर फुलसिंगचाही बुडेल.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता तांड्याच्या अंगणवाडीच्या पायरीवर अठरा-वीस बायका जमल्या. शबाना उभी राहिली. तिने दोन चमचे दाखवले, भगुण्यात पाणी घेऊन दोन्ही प्रकारचे दूध बनवले, आणि म्हणाली, "धनीबाईनं बरोबर मोजलं. चमचा मी चुकीचा दिला. तिची चूक नाही." एवढे बोलायला चार मिनिटे लागली.

मागून एका बाईने विचारले, "मंग तुह्या दुकानात दवाईबी अशीच अंदाजानं देतं का वं?"

"नाही. औषधाच्या पाकिटावर लिहिलेलं असते."

"डब्यावरबी लिहेल होतं म्हणे."

"होतं."

बायका हसल्या. शबाना हसली नाही. त्या बाईने मग हळूच विचारले की तिच्या नातवाच्या खोकल्याच्या औषधाचे झाकण मापाचे आहे का, आणि ते दुसऱ्या बाटलीचे असले तर काय करायचे. शबानाने त्या बाईच्या घरी जाऊन ते पाहिले. झाकण दुसऱ्या बाटलीचे होते.

दीपमालाही बोलली. "मीबी चुकली, याडी."

"रजिस्टरात लिहिलं ना तूनं, पाणी जास्त? खोड."

"खोडता येत नाई. सरकारी हाय."

"मंग त्याच्याखाली लिही."

दीपमालाने खाली लिहिले: मोजणी योग्य, चमचा चुकीचा. धनीबाईने ते फुलसिंगकडून मोठ्याने वाचून घेतले. दोनदा.

उरलेल्या दहा चमच्यांचा प्रश्न होता. शबानाने बरणी रिकामी केली. कोणाला चमचे दिले ते तिला आठवत होते. औषधांच्या दुकानदाराला चेहऱ्याआधी आजार आठवतो आणि त्यामागून घर. दुपारी दोन ते चार दुकान बंद असते. त्या वेळात ती स्कूटीवरून फिरू लागली. सहा दिवस लागले.

दोन चमचे हिरव्याच डब्यात गेले होते, म्हणजे चुकून बरोबर. एक माहूर रस्त्याच्या एका घरात हळदीच्या डब्यात सापडला. बाई म्हणाली, माप एकदम छान आहे, भाजीला एक. एक कपड्याच्या सोड्यात होता. एका घरी चमचा बाळाने चावून टाकला होता आणि दांडी दाखवण्यात आली. तीन घरची बाळे मोठी होऊन पोळी खात होती आणि चमच्याचे काय झाले ते कोणाला माहीत नव्हते. एक कुटुंब पुण्याला कामाला गेले होते. शबानाने फोन केला. पलीकडून बाई आधी घाबरली, मग म्हणाली, "भाभी, एवढ्यासाठी फोन? मले वाटलं उधारी राह्यली."

दहावा घाटंजी रस्त्यावरच्या एका घरी, निळ्याच डब्यात होता. आठ महिन्यांची मुलगी, रोज खिचडी खाणारी, अंगाने गोल. तिची आजी चमचे सपाट करत नव्हती. ढीग करून टाकत होती आणि वर एक चिमूट. दूध जवळपास बरोबर होत होते. शबानाने आणखी एक निळा डबा आपल्या नावावर लिहून फोडला, त्यातला नवा चमचा दिला आणि सपाट कसा करायचा ते दाखवले. आजी म्हणाली, "एवढं कमी?" शबानाला अर्धा तास बसावे लागले.

नवे चमचे आणायचे कुठून हा वेगळाच विषय निघाला. निळ्या डब्यावरच्या नंबरवर तिने फोन केला. चमचा सुटा मिळत नाही, नवा डबा घ्यावा, असे उत्तर मिळाले. मग कंपनीचा माणूस आला, त्याला सांगितले.

"मॅडम, चमचे देता येतील. पण फुकट दिले तर ते गिफ्ट होईल ना? तुम्हीच घड्याळ परत केलं होतं."

"मग विका."

"विकायला त्याला किंमत पाहिजे. किंमत छापलेली नाही."

"छापा."

"वर विचारतो."

वर विचारणे चालू आहे. तोपर्यंत आणखी निळे डबे स्वतःच्या खर्चाने फोडायचे नाहीत, असे शबानाने ठरवले आहे. पाकीट मागणाऱ्याला ती चमचा घेऊन या म्हणते आणि चमचा पाहिल्याशिवाय पाकीट देत नाही. तीन गिऱ्हाइके त्यामुळे दुसऱ्या दुकानात गेली. एक परत आले.

तिने यवतमाळच्या अन्न विभागालाही फोन करून घडले ते सांगितले. पाकीट सीलबंद होते का, मुदत उलटलेली होती का, पावडर सुटी विकली का, असे प्रश्न आले. तिन्हींची उत्तरे दिल्यावर फोनवरच्या माणसाने विचारले,

"मग तक्रार कशाची आहे?"

"चमच्याची."

"कोणाविरुद्ध?"

"माझ्या."

त्याने लेखी द्या म्हटले. तिने लेखी दिले, टपालाने. पोच मिळाली. कायद्याची झेरॉक्स तिने पुन्हा पहिल्यापासून वाचली. लेबलावर काय लिहायचे, चित्र कोणते छापायचे नाही, अक्षर केवढे हवे, हे सगळे त्यात आहे. हरवलेल्या चमच्याबद्दल तिला काही सापडले नाही. त्या पानाच्या समासात तिने पेन्सिलीने दोन वजने लिहून ठेवली आहेत.

रोशनीचे वजन आता दर बुधवारी होते. पहिल्या बुधवारी ती दवाखान्यातून नुकतीच सुटली होती, तीन किलो सहाशे ऐंशी. दुसऱ्या बुधवारी तीन किलो नऊशे दहा. दीपमालाने काटा दोनदा शून्यावर आणून पाहिला. तिसऱ्या बुधवारी चार किलो एकशे तीस. धनीबाई काट्याजवळ कोणाला उभे राहू देत नाही. झोळीला हात लागला तर आकडा फिरतो, असे तिचे म्हणणे आहे आणि ते बरोबर आहे. ती स्वतःही दोन पावले मागे सरकते.

शबाना तिन्ही बुधवारी होती. तिला कोणी बोलावत नाही. ती येते, झाडाखाली स्कूटी लावते, आकडा ऐकते. पहिल्या वेळी धनीबाई तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या वेळी म्हणाली, "चाय पेतं का?" तिसऱ्या वेळी चहा आधीच ठेवलेला होता, आणि त्यात साखर जास्त होती. शबाना चहात साखर घेत नाही. तिने तो प्यायला.

"पेली ना पूरी?" धनीबाईने विचारले.

"पूरी."

"मले वाटलं तूबी अर्धीच घेतं."

पायल आत हसली. मांडीवर आज रोशनी होती.

डॉक्टरांनी दिलेल्या तीन आठवड्यांची मुदत येत्या बुधवारी संपते. चार किलो तीनशेला एकशे सत्तर ग्रॅम कमी आहेत. या वेगाने गेले तर भरतील, असे दीपमालाचे मत आहे. धनीबाई मत देत नाही. फुलसिंगने यवतमाळच्या बसची वेळ विचारून ठेवली आहे. सकाळची गाडी आर्णीहून मिळते. पायलने एका पिशवीत दोन दुपटी आणि टोपडे वेगळे काढून ठेवले आहे, आणि ती पिशवी खुंटीला तशीच लटकते आहे.

मंगळवारी दुपारी शबानाने दुकानाच्या शटरवर कागद चिकटवला. तो आता चौथा आहे. दर आठवड्याला कोणीतरी फाडते. मजकूर तोच असतो, निळ्या शाईत: दर बुधवारी दुकान दुपारी बारा वाजता उघडेल. समोरच्या गॅरेजमधून जीशानने विचारले की आणखी किती बुधवार. ती म्हणाली, उद्या कळेल.

उद्या बुधवार आहे. अंगणवाडीत वजनाचा काटा सकाळी साडेदहाला टांगतात.